वखारीत वांब

वखारभागात जिथं काट्याची साखळी लोंबायची
तिथं आता निळं कापड लोंबतं, मधोमध चिरलेलं.
पाटीवर तीन जपानी अक्षरं.
रिक्षावाले म्हणतात, दशाचं चायनीज.
दशरथ भोई कुणाला दुरुस्त करत नाही.

नऊ वर्षं नागोयात होता.
गेला होता गाड्यांचे ब्रेक जोडायला,
शिकून आला वांब भाजायला.
बाप हरिपुरात, संगमावर जाळं टाकायचा.
म्हणाला म्हणे, त्येला इमान कशाला लागतंय?

पतसंस्थेचा बोनस झाला,
आईला घेऊन गेले.
चपला दारात. पुढं दगडी फरशीचा पट्टा,
मग चटई, बुटकं मेज.
शेजारी एक निवृत्त मॅनेजर
दोन पायांचं काय करावं या हिशेबात गुंतलेले.
आई बसली. एका दमात.
डावा गुडघा मुडपून, उजवा उभा,
पुढ्यात सूप यायचं असावं तशी.

मग तिनं खांब मोजले.
"आगं, ही शेटची वखार."

तेरा वर्षं.
हळकुंड एकीकडं, गड्डा एकीकडं, चुरा तिसरीकडं.
पिवळा घाम, पिवळी थुंकी.
माझ्या वहीवर तिची बोटं उमटायची
आणि गुरुजी विचारायचे,
घरात लग्न आहे का गं?

मला माहीत नव्हतं हीच ती.
माहीत असतं तर आणलं असतं का,
हे अजून ठरवता येत नाही.

महापुराची रेघ दशरथनं पुसलेली नाही.
खाली बसलं की ती डोक्याच्या दोन हात वर येते,
म्हणजे इथं सगळे पाण्याखाली जेवतात.

तो आला. दोन्ही गुडघे टेकले.
काळा लाकडी डबा ठेवला, झाकण उचललं:
भातावर वांब, कडेला करपलेली,
गोडसर खारट रसात बुडवून भाजलेली,
पुन्हा बुडवून, पुन्हा भाजलेली.
आई मागं सरकली.
"उठ की बाबा. आसं कशाला?"
"तिकडची पद्धत हाय, मावशी."
"तिकडं आसंल."

इथं मजुरी वरून यायची,
सुपात पडायची.
शेटच्या चपला तिला अजून आठवतात,
अंगठ्याशी पितळी टिकली असलेल्या.
तोंड आठवत नाही.

काड्या तिनं जुळवून बाजूला ठेवल्या, उदबत्तीसारख्या,
आणि हातानं जेवली.
तिसऱ्या घासाला थांबली.
"काटं कुटं गेलं?"
"काढलं चिमट्यानं. एकेक."
"येवढं कोण करतंय?"
"मी आणि बायको. सकाळी चारपास्नं."
पुढं ती काही बोलली नाही,
फक्त सावकाश खाऊ लागली.
निवडण्यातलं तिला कळतं.

बशीच्या कोपऱ्यात सातारी आलं,
आंबवलेलं, कागदाइतकं पातळ.
तिनं एक काप उजेडाकडं धरला,
अशी धरली की मधल्या पन्नास वर्षांत
हात कुठंच गेला नव्हता.
"हळदीच्याच भावकीतलं.
पैल्या नंबरात घेतलं आसतं मी."
दशरथ कमरेत वाकला,
आणि या वेळी तिनं त्याला उठवलं नाही.

बिल मी पालथं ठेवलं.
रुपयांत नाही, तिच्या रोजात मोजलं,
आकडा कुणाला सांगितला नाही.

दारात मॅनेजर एका पायावर उभे,
पांढरा मोजा झटकत.
तळवा पिवळा.
दशरथ ओशाळला. म्हणाला,
तीनदा घासली फरशी. ॲसिड टाकलं.
पूर दोनदा येऊन धुऊन गेला.
हवा ओली झाली की दगडातनं वर येतंयच.

आईनं आपले तळवे बघितले नाहीत.
तिला ते माहीत होते.
चपलेत पाय सरकवता सरकवता
मॅनेजरांना एवढंच म्हणाली,
"जानार न्हाई, सायेब.
दोन धुण्यात फिक्कं हुईल,
तेवढंच."